नव्वद सेकंदांचा सांधा

ताणयंत्राच्या जबड्यांत अडकवलेली पट्टी तुटली तेव्हा पडद्यावरचा आकडा चारशे बारावर थांबला होता. पट्टी तुटली होती, सांधा नाही. दोन पत्रे एकमेकांवर चढवून जिथे चिकटवले होते तो भाग शाबूत होता आणि त्याच्या शेजारी नुसता पत्रा फाटला होता. शाल्मली बोंद्रेने आकडा वहीत उतरवला आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला सांगितले, "सांधा उत्तम आहे."

"म्हणजे मी वाईट," जयसिंग इंगवले म्हणाले.

इंगवले सकाळी साडेनऊला नाशिकच्या या प्रयोगशाळेत आले होते. ज्याच्यावर ठपका येऊ शकतो त्याच्यासमोरच पुराव्याची तपासणी व्हावी, असा चौकशी समितीचा नियम होता. समितीचा अहवाल शुक्रवारी सादर होणार होता. आज बुधवार होता.

प्रकरण पाच आठवड्यांपूर्वीचे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सहा माणसांची एक वसाहत होती. कागदोपत्री तिचे नाव लांबलचक होते, तिथे राहणारे तिला ध्रुववाडी म्हणत. तिथल्या शिलाकक्षात ग्लोरिया डिमेलो ही वसईची भूशास्त्रज्ञ साध्या कपड्यांत सूक्ष्मदर्शकाजवळ बसली होती. इंगवले हे वसाहतीचे तंत्रज्ञ. ते दिवे तपासण्यासाठी अंतराळपोशाख घालून बाहेर, कक्षाच्या दाराजवळच्या फलकापाशी उभे होते. त्या फलकावर वीतभर अंतरावर दोन कळा होत्या. एक कळ दाबमोचक झडप उघडून खोलीतली हवा बाहेर सोडणारी, दुसरी टाकीतली राखीव हवा खोलीत सोडणारी. अचानक खोलीतला दाब घसरू लागला. दोन मिनिटांत तो सहा टक्क्यांवर आला आणि तिथे थांबला. ग्लोरिया वाचली नाही.

सगळा संशय त्या 'थांबला' या एका शब्दावर उभा होता. भोक पडले असते तर दाब शून्यावर गेला असता. तो मध्येच थांबला, म्हणजे जे उघडले होते ते पुन्हा बंद झाले. चिकटवलेला सांधा फाटू शकतो, पण आपोआप मिटू शकत नाही. झडप मात्र उघडताही येते आणि बंदही करता येते. शिवाय अकरा मिनिटांनी इंगवल्यांनी राखीव हवा सोडली तेव्हा खोलीने ती पूर्ण दाबाने धरून ठेवली, आणि पुढे तपासणीसाठी सांध्याचा तुकडा कापेपर्यंत ती खोली हवा धरून होती. कोणती कळ कधी दाबली गेली याची नोंद फलक ठेवत नव्हता. समितीचा निष्कर्ष जवळजवळ ठरला होता. जाड हातमोज्याने चुकीची कळ दाबली गेली, चूक लक्षात यायला दोन मिनिटे लागली, मग ती निमूटपणे बंद केली.

पहिल्या दोन जबान्यांत इंगवल्यांनी ठामपणे नाही म्हटले होते. तिसऱ्या जबानीत ते म्हणाले होते, आता मला सांगता येत नाही.

"मला सुटायचं म्हणून मी इथं आलेलो नाही, मॅडम," सकाळी त्यांनी शाल्मलीला सांगितले होते. "ज्यानं त्यानं इतक्यांदा विचारलं की माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. ती माझ्या हातानं गेली का नाही, एवढंच मला कळू दे. मग समितीला काय लिहायचं ते लिहू दे."

शाल्मली चिकटद्रव्यांची अभ्यासक होती. माणसाच्या हाताबद्दल तिला काही सांगता येणार नव्हते. सांध्याबद्दल तेवढे सांगता येत होते, आणि सांधा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता.

हा सांधा तिच्या गुरूंचा होता. डॉ. विश्वंभर तांबट यांनी आयुष्याची एकोणीस वर्षे त्यात घातली होती. मूळचे चिकटद्रव्य चांगले होते, पण सावकाश. त्याचे रेणू एकमेकांना धरताना पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात. ते पाणी निघून गेले की पकड पक्की होते. चंद्रावर निर्वात असल्याने पाणी आपोआप निघून जाते, तरीही सांधा धरायला तीन दिवस लागत. तीन दिवस फळ्या आवळून ठेवायच्या, किरणोत्साराच्या माऱ्यात त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, आणि एखादी फळी केसभर सरकली की सगळे पहिल्यापासून. तांबटांनी असा एक त्वरक शोधला की तीन दिवसांचे काम नव्वद सेकंदांत होऊ लागले. शिलाकक्ष ही त्वरक वापरून जोडलेली पहिली खोली.

"मीच जोडली ती," इंगवल्यांनी चहा घेताना सांगितले होते. फळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ते उभे राहायचे आणि ग्लोरियाबाई नव्वदपर्यंत आकडे मोजायच्या. सत्तरच्या पुढे गेल्या की मुद्दाम पुन्हा साठवर यायच्या. हे ओरडायचे, बाई, हात गळून पडतील माझे. त्या म्हणायच्या, मग ते पण चिकटवू.

कुठेही सांधा जोडला की त्याच तासाला, त्याच नळीतल्या चिकटद्रव्याने, सहा छोट्या पट्ट्याही जोडून ठेवायच्या, अशी या धंद्यातली जुनी रीत आहे. त्यांना साक्षीपट्ट्या म्हणतात. माणसे जिथे राहतात तिथेच एका खिळ्याला त्या टांगून ठेवतात, म्हणजे सांध्याने जी हवा सोसली तीच त्यांनीही सोसलेली असते. पुढे कधी शंका आली तर भिंत न फोडता पट्टी ताणून बघता येते. शिलाकक्षाच्या सहा साक्षीपट्ट्या राहत्या खोलीतल्या खिळ्यावरून काढून हवाबंद पिशव्यांमधून पृथ्वीवर आल्या होत्या. खऱ्या सांध्याचा एक तुकडाही कापून पाठवला होता. तो तुकडा आणि पाच पट्ट्या तपासून झाल्या. सगळ्या चारशेच्या वर. मघाशी तुटली ती पाचवी.

सहावी पट्टी शाल्मलीने पिशवीतून काढली आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या शोषपेटीत ठेवली. ती दार लावणार तेवढ्यात इंगवल्यांनी विचारले, हे प्रत्येक वेळी कशाला?

तिने समजावून सांगितले. ही पेटी आतली हवा काढून टाकते. चाचणीआधी प्रत्येक पट्टी अर्धा तास निर्वातात ठेवायची, म्हणजे तिच्या अंगची ओल निघून जाते. पावसाळ्यात नाशिकला घेतलेले मोजमाप आणि उन्हाळ्यात राजस्थानात घेतलेले मोजमाप मग एकमेकांशी ताडून बघता येते. नियम चाळीस वर्षांचा होता. शाल्मली इथे विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा पहिल्या दिवशी तिला हेच शिकवले होते.

"म्हणजे वाळवता."

"हो."

"पण तिथं तर ओल होती, मॅडम," इंगवले म्हणाले. "सहा माणसांचा श्वास, भाताची वाफ, दोरीवरचे मोजे. तुम्ही साक्षीदाराला आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून उभा करताय. मग तो चांगलंच बोलणार की."

शाल्मली हसली. मग तिचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. थोड्या वेळाने तिने पट्टी बाहेर काढली आणि सरळ ताणयंत्राकडे नेली. वरचा जबडा आवळला. खालचा आवळण्यासाठी ती वाकली, तेवढ्यात पट्टीचा खालचा अर्धा भाग आपल्या वजनानेच सुटून तिच्या तळहातावर पडला.

इंगवले एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले.

एका पट्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे शाल्मलीला माहीत होते. पट्टी मुळातच सदोष असू शकते. म्हणून तिने उलटा प्रयोग केला. सुटलेले दोन्ही भाग पूर्वीसारखे एकमेकांवर ठेवले, त्यांना एक साधा चिमटा लावला आणि शोषपेटीत ठेवून पंप सुरू केला. नियमाचा अर्धा तास ती थांबली नाही. दोन मिनिटांनी पट्टी काढून तिने जबड्यांत धरली. यंत्राचा आकडा चढत गेला. चारशे आठला पत्रा फाटला. सांधा शाबूत होता.

तिने तांबटांना बोलावून घेतले.

ते आले, त्यांनी दोन्ही आकडे पाहिले, सदोष पट्टीची शंका बोलून दाखवली आणि उत्तर ऐकण्याआधी स्वतःच ती मागे घेतली. मग भिंग घेऊन ते बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले.

"वेग किती पटींनी वाढवला आपण?" त्यांनी तोंडी परीक्षेत विचारावे तसे विचारले.

"तीन दिवसांचे नव्वद सेकंद. दोन हजार आठशे ऐंशी पट, सर."

"कोणत्या दिशेनं?"

उत्तर कोणत्याही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होते.

"दोन्ही," ती म्हणाली.

इंगवल्यांना काही कळले नव्हते. तांबट त्यांच्याकडे वळले. "कसारा घाटात बोगदा काढला, तर मुंबईहून येणारा लवकर येतो. आणि नाशिकहून जाणारा?"

"तोही लवकर जातो."

"त्वरक म्हणजे बोगदा. रेणूंच्या वाटेत डोंगर असतो, तो चढून जायला वेळ लागतो. आम्ही डोंगर पोखरला. पाणी बाहेर टाकून रेणू एकमेकांना धरतात, ती वाट सोपी केली. पण मग पाणी आत घेऊन ते एकमेकांना सोडतात, तीही वाट तितकीच सोपी झाली. एकाच बाजूनं उघडा असलेला बोगदा निसर्गात नसतो. हे मला माहीत होतं. एकोणीस वर्षं माहीत होतं."

"मग तपासलं नाही कुणी?"

"जुनं चिकटद्रव्य दमट हवेत सुटायला किती वर्षं लागतील याचा हिशोब होता आमच्याकडे. तीन हजार तीनशे साठ. एवढ्या वर्षांची काळजी कोण करतो?" तांबट थांबले. "शाल्मली, दोन हजार आठशे ऐंशीनं भाग दे."

तिने मनातल्या मनात भागाकार केला, मग खात्रीसाठी कागदावर. उत्तर तिने पुन्हा तपासले.

"चौदा महिने."

"शिलाकक्ष चौदा महिन्यांचाच होता," इंगवले हळूच म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली.

पुढचे आपोआप उलगडत गेले. माणसांच्या श्वासातली ओल आतल्या बाजूने सांध्यात शिरत गेली. एकेक रेणू पकड सोडत गेला. शेवटची कड हवेचा दाब सोसू शकली नाही आणि केसाएवढी फट पडली. फळ्या बाहेरच्या चौकटीत असल्यामुळे जागच्या हलल्या नाहीत. हवा निघून गेली आणि जाताना सांध्यातली ओलही घेऊन गेली. आता दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या, मध्ये चिकटद्रव्य, भोवती जवळजवळ निर्वात. जोडकामाच्या दिवशी होती अगदी तीच परिस्थिती. चिकटद्रव्याने आपले काम केले. खोलीत सहा टक्के हवा उरली असताना फट मिटली. नंतर त्या सांध्याचा तुकडा कापला, तो चारशेच्या वर भरणारच होता.

"सांध्यानं स्वतःच पुरावा बुजवला," तांबट म्हणाले. "जो पट्ट्यांमध्ये उरला होता तो आपण शोषपेटीत बुजवला. पाच वेळा."

इंगवल्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "म्हणजे मी कळ दाबली नव्हती."

"नव्हती," शाल्मली म्हणाली. "तुमचा हात त्यात कुठेच नव्हता. मी हे लिहून देते. आजच."

पण लिहायला ती बसली नाही. एक आकडा तिच्या मनात अजून हलत होता. शिलाकक्षानंतर सहा आठवड्यांनी ध्रुववाडीत भोजनकक्ष जोडला होता, त्याच त्वरकाने. अपघाताला पाच आठवडे झाले होते, म्हणजे हातात एकच आठवडा होता. भोजनकक्षात आता चार माणसे राहत होती.

संपर्क जुळायला वीस मिनिटे लागली. वसाहतप्रमुख निलोफर मुजावर पडद्यावर आल्या. चंद्रावर आवाज जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर थांबावे लागते. शाल्मलीने शक्य तितक्या थोडक्यात सगळे सांगितले. मुजावरांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग शाल्मलीने उपाय सांगितला. चौघांनी पोशाख घालायचे. भोजनकक्षातली सगळी हवा झडपेने बाहेर सोडायची. खोली रिकामी झाल्यावर नव्वद सेकंद, हवे तर पाच मिनिटे थांबायचे. मग हवा भरायची. सांधा नव्यासारखा होईल आणि पुढचे वर्षभर काळजी नाही. पुढे दरवर्षी एकदा खोली अशी रिकामी करावी लागेल.

"म्हणजे घर टिकवायचं तर वर्षातून एकदा घरातून सगळी हवा काढायची," मुजावर म्हणाल्या. "ठीक. पण समजा आम्ही पोशाख चढवायच्या आत, आत्ताच फट पडली तर? कुणी आत राहिलं तर? आमचा नियम सांगतो, गळती सापडून बुजवल्याशिवाय राखीव हवा सोडायची नाही. फुटक्या खोलीत हवा ओतली तर ती सगळ्यांचीच संपते."

प्रश्न अचूक होता आणि उत्तरही शाल्मलीला लगेच दिसले. "तो नियम इथे लागू नाही," ती म्हणाली. "गळती शोधू नका. ती सापडणार नाही, कारण ती उरलेलीच नसेल. दाबाचा काटा घसरायचा थांबला की समजा सांधा मिटला. त्या क्षणी राखीव हवा सोडा. कणभरही बाहेर जाणार नाही. जो आत असेल तो…"

ती थांबली. वाक्य अर्धे राहिले. आपल्या मागे कोण उभे आहे हे तिला वाक्याच्या मध्येच आठवले.

अडीच सेकंदांनी मुजावरांनी सांगितले की समजले, आणि त्या पोशाख घालायला गेल्या. पडद्यावर भोजनकक्षाचे रिकामे बाक दिसत राहिले.

"मी अकरा मिनिटं गळती शोधत होतो," इंगवले म्हणाले.

तांबट पुढे होऊन म्हणाले की नियम तसाच होता, तुम्ही नियम पाळलात, दुसऱ्या कुणीही तेच केले असते. इंगवल्यांनी मान हलवली. त्यांनी ते ऐकले होते, पण त्यांचा प्रश्न तांबटांना नव्हता.

"मॅडम, खरं सांगा. दाब थांबल्यावर मी लगेच हवा सोडली असती तर?"

शाल्मलीने त्यांच्याकडे पाहिले. सकाळी या माणसाने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती द्यायची तर पूर्ण द्यावी लागणार होती. चौकशीच्या कागदांतला वैद्यकीय अहवाल तिने वाचला होता. दाब घसरण्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ग्लोरिया बेशुद्ध झाली असणार. इतक्या कमी दाबात माणसाचे हृदय आणखी मिनिट, दीड मिनिट चालू राहते.

"पहिल्या मिनिटात सोडली असती तर," ती म्हणाली, "बहुतेक वाचल्या असत्या."

"बहुतेक."

"हो."

"माझा हात गेला होता त्या कळीवर," इंगवले म्हणाले. त्यांचा आवाज कुठेही चढला नव्हता. "राखीव हवेच्या. खिडकीतून त्या दिसत होत्या मला. हात गेला, आणि नियम आठवला. पलीकडं चार माणसं आहेत, त्यांचीही हवा आहे ही. म्हणून काढला हात. मग दिवा घेऊन कडेकडेनं फिरलो. मला वाटलं, आता सापडेल, आता सापडेल. शेवटी न सापडताच सोडली हवा."

मग त्यांनी शाल्मलीला विचारले की ती अहवालात हे लिहिणार का. ती म्हणाली की समितीला याची गरज नाही. झडप उघडली गेली नव्हती एवढे पुरेसे आहे, आणि त्याने तुम्ही निर्दोष ठरता.

"समितीला नको असेल," ते म्हणाले. "पण तिथं जी माणसं राहतात त्यांना पाहिजे. अकरा मिनिटंही लिहा. नाहीतर पुढचाही माझ्यासारखा दिवा घेऊन फिरेल."

शाल्मलीने वही उघडली. तिने सहाव्या पट्टीचा आकडा लिहिला, शून्य. त्याखाली चारशे आठ. मग एक ओळ सोडून ती अकरा मिनिटांबद्दल लिहू लागली. ते वाक्य तिला तीनदा खोडावे लागले.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर हालचाल झाली. भोजनकक्ष रिकामा करून पुन्हा भरला होता. दाब पूर्ण होता आणि स्थिर होता. मुजावरांनी शिरस्त्राण काढले तेव्हा त्यांचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. मागे तिघे जण एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कोणीतरी म्हणाले की आता आधी चहा टाका. मुजावर पडद्याजवळ आल्या. शिलाकक्षातला दोष सांध्याचा होता हे आता त्यांना उमगले होते, आणि पाच आठवड्यांत त्या पहिल्यांदा हसल्या.

"इंगवले, तू आहेस ना तिथं? अरे, सुटलास तू. ऐकतोयस का? तू नव्हतास. सांधा होता तो."

इंगवले पडद्यासमोर उभे होते. त्यांनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

अडीच सेकंद गेले, मग आणखी अडीच. ध्रुववाडीतली चार माणसे पडद्याशी गर्दी करून वाट बघत राहिली. त्यांना वाटत होते, अंतर फार आहे, उत्तर यायला वेळ लागणारच.